बांगडीची खळी

“बांगड्या काढू नगंस. हाय तसाच हात ठेव. आन हलू नगंस.”

माझ्या कानी पडलेलं पहिलं बोलणं हे. ते मला उद्देशून नव्हतं, तरी मी ते जपून ठेवलं आहे.

मित्रांनो, मी एक जुना फर्मा आहे. शिंपी कसा कागद कापून ठेवतो आणि त्याच्या कडेनं खडू फिरवून कापड बेततो, तसा लोखंडकामाच्या वर्कशॉपमध्ये पत्र्याचा फर्मा असतो. माझ्या कडेनं पोलादी सुई फिरवली की नव्या पत्र्यावर माझी आकृती उमटते. मग तो पत्रा त्या रेघेवर कापतात. मी स्वतः कुठल्याही यंत्रात बसलो नाही. पण माझ्यावरून कापलेले शेकडो पत्रे बारामती आणि इंदापूरच्या गोठ्यांत उभे आहेत. खिळ्यावर टांगल्या टांगल्या कधी डोळा लागला, की मला ते सगळे गोठे एकदम दिसतात. वासरं दिसतात, ओल्या वैरणीचा वास येतो. मी कधी कुठं गेलो नव्हतो, तरी दिसायचं.

ज्यांचा आवाज मी ऐकला ते रामहरीतात्या. बारामतीत इंदापूर रस्त्याला त्यांचं वर्कशॉप होतं. तिथं कडबाकुट्टी बनायची. कडबाकुट्टी तुम्ही पाहिली असेल. एका बाजूनं ज्वारीचा कडबा नाहीतर हिरवा मका आत सारायचा. दोन दातेरी रूळ तो ओढून घेतात आणि पुढं फिरत्या चाकाची पाती त्याचा बारीक भुगा करतात. कडबा जिथून आत जातो, तिथं एक उभा पत्रा असतो. त्याला चौकोनी खिडकी असते. त्याला म्हणतात तोंडपत्रा. मी त्या तोंडपत्र्याचा फर्मा.

माझ्याआधीही एक फर्मा होता. त्याची खिडकी अगदी काटकोनात, चारी कोपरे धारदार. दिसायला देखणा होता म्हणतात. हेही मी नंतर ऐकलेलं: सन नव्वदच्या दिवाळीत पणदऱ्याहून एक बाई वर्कशॉपच्या दारात आल्या. उजव्या हाताला पांढरं फडकं गुंडाळलेलं. त्या छबूबाई. भांडायला आल्या असतील म्हणून तात्यांकडचे कारागीर महिपती मिस्त्री आत जाऊन उगाच हातोडे मोजायला लागले.

छबूबाई भांडल्या नाहीत. पायरीवर बसल्या आणि पाणी प्यायल्या.

“यंत्र ब्येस हाय तुमचं,” त्या म्हणाल्या. “कडबा कसा मऊ निघतो. माझ्या म्हशीला लई आवडतो. पर हात मागं घेताना बांगडी कोपऱ्यात अडकली बघा. रूळ काय थांबतोय व्हय? दोन बोटं गेली.”

तात्यांनी जमिनीकडं पाहिलं. मग हळूच म्हणाले, “बांगड्या काढून कडबा घालायचा, मावशी.”

“नवरा जित्ता असताना?” छबूबाई म्हणाल्या. “तुमच्या मंडळींना सांगून बघा, काय म्हणत्यात त्या.”

तात्यांच्या मंडळी, द्वारकाबाई, पाण्याचा तांब्या घेऊन तिथंच उभ्या होत्या. त्यांनी नुसता आपला हात पदराखाली घेतला. तेवढ्यानं तात्यांना उत्तर मिळालं. बाई बांगड्या काढणार नाही. मग लोखंडानंच वाट द्यायला हवी.

तात्यांनी छबूबाईंसमोर हात जोडले. “आजपासनं ज्या तोंडपत्र्यात बांगडी अडकंल, त्यो माझ्या दारातनं भाईर जायचा न्हाय. माझं वचन हाय तुमास्नी.”

दुसऱ्या दिवशी मी जन्मलो. तात्यांनी एक नवा कोरा पत्रा बाकावर ठेवला, द्वारकाबाईंना बोलावलं, आणि त्यांचा हात पत्र्यावर ठेवायला सांगितला. द्वारकाबाई लाजल्या. महिपतींकडं पाठ करून बसल्या. तात्यांनी खडूनं बांगडीच्या गोलाईवरून रेघ ओढली. खिडकीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, सुपारी बसेल एवढी एक गोल खोलगट जागा त्यांनी कानशीनं घासून घासून काढली. बांगडी त्या जागेत आली की अडकत नाही. घरंगळते, आणि हात अलगद बाहेर येतो.

महिपती म्हणाले, “तात्या, पत्र्याला खळी पडली.”

तेव्हापासून तिचं नाव खळीच पडलं.

ती माझी सुखाची वर्षं. सकाळी दार उघडलं की उन्हाचा एक पट्टा माझ्यावर यायचा. महिपती मला खिळ्यावरून काढायचे, सुई फिरवायचे, परत टांगायचे. गॅसच्या ज्योतीनं पत्रा कापला जायचा, छिन्नीनं कडा तोडल्या जायच्या. खळी मात्र ते शेवटी अर्धगोल कानशीनं, डोळे मिटून घासायचे. “ही जागा बघायची न्हाय,” ते म्हणायचे. “हितं हाताला कळतं.” एका दिवसात एक पत्रा पुरा व्हायचा. कुणाला घाई नव्हती.

आणि दर गुरुवारी द्वारकाबाई यायच्या. त्यांचा गुरुवारचा उपास. देवळातून येताना वाटेत वर्कशॉपमध्ये डोकवायच्या. ताटातलं उरलेलं हळदीकुंकू करंगळीवर घ्यायच्या आणि माझ्या खळीत टेकवायच्या. तोंडानं काहीतरी पुटपुटायच्या. मी ऐकलं आहे ते. “जिचा हात हितं यील, तिला सांभाळ.” एवढंच. मग जायच्या. खंडेनवमीला हत्यारांची पूजा व्हायची तेव्हा तर मला झेंडूचं फूल मिळायचं, तेही मोठ्या पिवळ्या जातीचं. हातोड्यांना पाकळीवर भागवायला लागायचं. मला थोडा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

पूजेचं कुंकू कुणी पुसत नाही. कुणी माझं पुसलंही नाही. त्यावर तेलाचा हात लागायचा, लोखंडाचा कीस उडून बसायचा, पुढच्या गुरुवारी पुन्हा कुंकू. शहाण्णव साली वर्कशॉप एमआयडीसीतल्या मोठ्या शेडमध्ये गेलं. ते देवळाच्या वाटेवर नव्हतं, म्हणून गुरुवारचं कुंकू थांबलं. गंज धरू नये म्हणून महिपतींनी मला प्रेमानं तांबड्या रंगाचा एक हात मारला. सगळीकडं, खळीतसुद्धा. त्या दिवशी मला पहिल्यांदा जाणवलं की माझ्यात काहीतरी भरून आलं आहे. लहानपणी ज्या ओढ्यात डुंबलो तो मोठेपणी पाहावा आणि त्यात वाळूच भरलेली दिसावी, तसं काहीतरी. पण दुखत नव्हतं. उलट ते प्रार्थनांनीच भरलं होतं. मी मनाला म्हटलं, असू दे.

महिपतींच्या कानशीला तो फरक कळलाच नाही. त्यांच्या हाताला खळी पाठ होती. मी खळी दाखवली काय आणि न दाखवली काय, पत्र्यावर ती उतरायचीच.

सत्त्याण्णवच्या संक्रांतीनंतर तात्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, आणि वाचाही गेली. डावा हात तेवढा राहिला. त्यांची मुलगी राजनंदिनी पुण्याला पत्राकामाच्या एका कारखान्यात होती. डिप्लोमा झालेली, अंगानं बारीक, बोलणं कमी. ती नोकरी सोडून घरी आली. रोज सकाळी ती तात्यांना शेडमध्ये आणून खुर्चीवर बसवायची. तात्या माझ्याकडं बघत बसायचे, मी त्यांच्याकडं. दोघांनाही बोलता येत नव्हतं. आमचं चांगलं जमायचं.

अठ्ठ्याण्णवच्या श्रावणात लेझर आलं.

सोलापूर रस्त्यानं, भिगवणच्या फाट्यावरून, मोठ्या ट्रकमधून आलं. लाकडी पेट्या, त्यांवर परदेशी अक्षरं. सोबत पत्रा वाकवायचा एक नवा प्रेस आणि एक कॉम्प्युटर. चार दिवस जोडणी चालली. पाचव्या दिवशी एक साधा पत्रा खाली ठेवला, आणि बारीक सूं असा आवाज आला. मित्रांनो, मी गॅसची निळी ज्योत रोज पाहिलेली. ती गुरगुरायची, ठिणग्या उधळायची. इथं ज्योतच दिसेना. किरण डोळ्यांना दिसतच नाही. फक्त पत्र्याच्या पोटाखालून चांदण्या गळत होत्या. पाण्यात पडलेलं चंद्राचं बिंब कुणी करंगळीनं कापावं, तसा पत्रा कापला जात होता. कड हाताला लागत नव्हती. मी खिळ्यावर स्तब्ध झालो होतो. मत्सर वाटेल असं वाटलं होतं, वाटला नाही. एवढं सुंदर काही बघितलं की मनात दुसऱ्या कशाला जागा राहत नाही.

जोडणीला आलेल्या इंजिनिअरनं जाताना राजनंदिनीला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. “किरण ज्या भिंगातून जातो ते रोज पुसायचं. धुळीचा कण राहता कामा नये.” ती रोज सकाळी हात धुऊन, मऊ कागदावर स्पिरिटचे दोन थेंब घेऊन ते भिंग पुसायची. द्वारकाबाई लांबून बघायच्या आणि म्हणायच्या, “माझ्या पोरीनं नवा नेम धरलाय.”

महिपती त्या वेळी नव्हते. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. दोन महिने धुळीपासून लांब राहायला डॉक्टरांनी बजावलं होतं.

आणि मग एका सकाळी राजनंदिनीनं मला खिळ्यावरून काढलं. टेबलावर मऊ कापड पसरून त्यावर ठेवलं. माझी लांबी, रुंदी, खिडकी, भोकं, सगळं तिनं मोजपट्टीनं आणि व्हर्नियरनं मोजलं, वहीत लिहिलं, कॉम्प्युटरवर चढवलं. इतकं हळुवार मला कुणी हाताळलं नव्हतं. उजव्या कोपऱ्याशी आल्यावर तिचं बोट थांबलं. तिथं रंगाखालून कुंकवाचा किंचित फुगवटा दिसत होता. ती नखानं खरवडणार होती. मी जीव एकवटून वाट बघत होतो.

तिनं नख मागं घेतलं.

“आईचं कुंकू आहे,” ती स्वतःशीच म्हणाली. “राहू दे.”

आणि त्या कोपऱ्याचं माप तिनं सरळ काटकोन म्हणून लिहून घेतलं.

तिचं काय चुकलं, सांगा. खळी होती हे तिला ठाऊकच नव्हतं; पत्रे आजवर एकट्या महिपतींच्याच हातात. तात्यांनी वचन दिलं तेव्हा ती शाळेत होती. आता सांगणाऱ्याची वाचा गेलेली. आणि मी तर बोलून चालून पत्रा.

लेझरनं एका दुपारी बावीस तोंडपत्रे कापले. एकासारखा एक. चारी कोपरे धारदार. त्याला दिलं तेच त्यानं कापलं. राजनंदिनीनं पहिला पत्रा तात्यांच्या मांडीवर नेऊन ठेवला.

“तात्या, बघा. कानस लावावी लागली नाही.”

तात्यांचा डावा हात पत्र्यावरून फिरला. खिडकीच्या कडेनं फिरत फिरत उजव्या कोपऱ्याला आला आणि तिथं थांबला. ते तर्जनीनं कोपऱ्यावर टकटक करू लागले. एकदा, दोनदा. मग करतच राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

राजनंदिनीनं ओढणीनं ते पुसलं. तिला वाटलं, हा आनंद असावा. मग वाटलं, जुनं गेलं याचं दुःख असावं. “तुमचा फर्मा टाकणार नाही मी,” ती म्हणाली. “तिथंच राहील खिळ्यावर.”

पुढचे दोन आठवडे तात्या रोज खुर्चीच्या हातावर टकटक करत होते. त्या दोन आठवड्यांत नऊ यंत्रं बाहेर गेली. चार पणदऱ्याला, दोन सोमेश्वरनगरला, तीन इंदापूरला. दर वेळी टेम्पोचं फाळकं लागलं की मला दातेरी रुळांचा आवाज यायचा. माझी जुनी स्वप्नं बदलली होती. गोठे तेच, वासरं तीच, पण आता प्रत्येक गोठ्यात एक हात मागं यायचा थांबलेला दिसायचा. बांगड्यांचा आवाज यायचा आणि मध्येच बंद व्हायचा.

मग खंडेनवमी आली.

शेड धुतली होती. दाराला झेंडू, आंब्याचे टहाळे. द्वारकाबाईंचे नवरात्राचे उपास चालू होते, तरी त्या पहाटेपासून उभ्या होत्या. लेझरला भलामोठा हार घातला होता. कुंकू लावताना राजनंदिनी म्हणाली, “आई, दाराच्या पत्र्यालाच लाव. आत भिंगाजवळ नको.”

“नव्या नवरीचा थाट हाय,” महिपती म्हणाले. ते ऑपरेशननंतर त्या दिवशी पहिल्यांदाच आले होते, डोळ्यांवर हिरवा चष्मा लावून. “मला तर समदी शेड हिरवीगार दिसतीया. ऊसच लावलाय जणू.”

पूजा झाली. खंडेनवमीला एकदा पूजा झाली, की हत्यार हलवायचं नसतं. दसऱ्याला सीमोल्लंघन होईपर्यंत त्यांची विश्रांती. कारखान्यात, शेतात, गोठ्यात, सगळीकडं हा नेम. द्वारकाबाईंनी उभ्या आयुष्यात तो मोडला नव्हता.

इतक्यात छबूबाई आल्या. त्या दर वर्षी यायच्या. शेतातलं मक्याचं एक कणीस आणि दोन लिंबं घेऊन यायच्या, आणि नव्या यंत्राच्या तोंडपत्र्यातून आपला हात आतबाहेर करून बघायच्या. हसून म्हणायच्या, “तात्यांचं वचन तपासतीया.” मग चहा घेऊन जायच्या. त्या दिवशीही त्यांनी लेझरकडं एकवार बघितलं, “लई मोठं जित्राब हाय” म्हणाल्या, आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या कडबाकुट्टीत तीन बोटांचा हात घातला. यंत्र बंद होतं.

हात मागं घेतला. खट् असा आवाज झाला. हात आलाच नाही.

छबूबाईंनी डाव्या हातानं बांगडी तिरकी करून सोडवली आणि मनगट चोळत राहिल्या. त्यांचा चेहरा मी दर वर्षी बघितला होता. तो असा पांढरा कधी नव्हता.

“तात्या,” त्या खुर्चीकडं वळून म्हणाल्या, “बांगडी अडकली.”

तात्यांनी डोळे मिटले. डावी तर्जनी खुर्चीवर एकदाच वाजली, आणि थांबली.

“कसं अडकंल?” महिपती म्हणाले. “फर्मा आना हिकडं.” राजनंदिनीनं मला त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मग परत खाली घेतला, आणि डोळे मिटून अंगठा माझ्या कोपऱ्यात फिरवला.

“खळी कुठं गेली?”

“कसली खळी, काका?” राजनंदिनीनं विचारलं.

मग महिपतींनी सांगितलं. छबूबाईंची बोटं, तात्यांचे जोडलेले हात, पत्र्यावर ठेवलेला द्वारकाबाईंचा हात, सगळं. सांगता सांगता ते रॉकेलचा बोळा आणि बांबूची कामटी घेऊन कोपरा कोरत होते. आधी तांबडा रंग सुटला. मग कुंकू, काळं तेल, हळद, पुन्हा कुंकू. थरावर थर. वर्तमानपत्रावर त्याचा छोटासा ढीग झाला. सहा वर्षांचे गुरुवार होते ते. आत माझं लोखंड अजून चकचकीत होतं. कित्येक वर्षांनी माझ्या खळीला वारा लागला.

द्वारकाबाई त्या ढिगाकडं बघत होत्या. “म्या बुजवली,” त्या म्हणाल्या. “माझ्या हातानं.”

“मी मोजली, आई,” राजनंदिनी म्हणाली. “मला संशय आला होता. तरी मी खरवडलं नाही.”

“आन रंग कुनी दिला?” महिपती म्हणाले.

“वाटून घ्या मागनं,” छबूबाई मध्येच बोलल्या. “कितीक यंत्रं गेली भाईर?”

“नऊ.”

मग द्वारकाबाईच हळूहळू बोलू लागल्या, जपाचे मणी ओढावेत तसे एकेक शब्द. “आज नवमी हाय. आज कुनी यंत्र चालवायचं न्हाय. समद्यांनी कालच कडबा कापून ठेवला आसंल. उद्या सीमोल्लंघन झालं की सांजच्याला बाया हात घालतील. म्हंजी देवीनं आपल्याला उद्या दुपारपातुर येळ दिलाय.”

“नऊ पत्रे हातानं करायचे म्हणजे नऊ दिवस लागतील,” राजनंदिनी म्हणाली. तिनं लेझरकडं पाहिलं, त्याच्यावरच्या हाराकडं पाहिलं, आणि नजर खाली घेतली. आईला सांगायचं धाडस तिला होईना.

“ह्येला किती येळ लागतो?” द्वारकाबाईंनी विचारलं.

“नऊ पत्र्यांना? अर्धा तास.”

द्वारकाबाई लेझरपाशी गेल्या. क्षणभर हात जोडून उभ्या राहिल्या. मग दोन्ही हातांनी हार उतरवला, नीट घडी करून तबकात ठेवला.

“चालव,” त्या म्हणाल्या. “देवीला म्या सांगीन. तिच्या पन हातात बांगड्या हायती.”

राजनंदिनीनं हात धुतले. भिंग पुसलं. मग मला समोर घेतलं आणि माझी खळी मोजली. तीन ठिकाणी, दोन दोनदा. कॉम्प्युटरवरचा काटकोन पुसून तिथं गोलाई आली. सूं असा तोच बारीक आवाज झाला, पत्र्याच्या पोटाखाली चांदण्या गळू लागल्या, आणि मी बघितलं, द्वारकाबाईंच्या बांगडीच्या त्या वळणावरून अदृश्य किरण किती जपून गेला. तात्यांच्या खडूला तिथं थोडा वेळ लागला होता. किरणाला निमिषही लागलं नाही. पण वळण तेच. माझ्या आणि किरणाच्या मध्ये आठ वर्षं होती, ती त्या एका वळणात मिटली.

महिपती पहिला पत्रा उचलून अंगठा फिरवत म्हणाले, “आता जमलं बगा नवरीला.” छबूबाई प्रत्येक पत्र्यातून हात घालत होत्या, काढत होत्या. बांगड्या नऊ वेळा किणकिणल्या. नऊ वेळा हात परत आला.

मित्रांनो, मला तुम्हाला उपदेश करायचा नाही. मी पत्रा आहे, माझं शिक्षण ते काय. पण तुमच्या घरीही एखादी जुनी वस्तू असेल. देवघरातली समई असेल, आजोबांचा अडकित्ता असेल, नाहीतर विहिरीवरची मोटार असेल. तिला फूल वाहा. कुंकू लावा. पण अधूनमधून तिला पुसाही. मायेनं लावलेलं असलं तरी पुसा. आणि ती कशासाठी घडवली, हे घरात ज्याला ठाऊक आहे त्याला विचारून ठेवा, त्याची वाचा आहे तोवर. द्वारकाबाईंनी त्या दिवशी माझ्यातून निघालेलं कुंकू पुडीत बांधलं आणि तुळशीत वाहिलं. मग ओल्या फडक्यानं मला पुसलं आणि परत खिळ्यावर टांगलं. त्या पुसण्यातही तेच पुटपुटणं होतं. मला पूजेत आणि त्यात काही अंतर वाटलं नाही.

उरलेले तेरा बिनखळीचे पत्रे महिपतींनी प्रेसखाली घालून दुमडून टाकले. नवे नऊ पत्रे गोणपाटात बांधले. राजनंदिनीनं आपली एम-एटी गाडी दारात काढली, पुढं पायाशी गोणपाट बांधलं, पिशवीत पाने आणि नटबोल्ट घेतले. आधी पणदरे, तिथून सोमेश्वरनगर. इंदापूर उद्या सकाळी.

“पणदऱ्यातली चारी घरं म्या दावते,” छबूबाई म्हणाल्या आणि मागं बसल्या. “पर सावकाश चालव गं. माझ्या पदरात लिंबं हायती.”

“लोक आज खंडेनवमीला यंत्राला हात लावू देतील का?” राजनंदिनी म्हणाली.

“पत्रा बदलायचा हाय, यंत्र चालवायचं न्हाय. आन माझा हात बघितल्यावर कुनी इचारायचं न्हाय.”

राजनंदिनी तात्यांपाशी आली. खाली वाकली. तात्यांनी डावा हात उचलला. मला वाटलं तिच्या डोक्यावर ठेवतील. त्यांनी भिंतीकडं बोट केलं, माझ्याकडं.

तिला कळलं, त्यांच्या जागी मी जायचं होतं. तिनं मला खिळ्यावरून काढलं आणि गोणपाटात न ठेवता आपल्या खांद्यावरच्या पिशवीत ठेवलं, खळी वर करून.

“जाऊन येते, तात्या,” ती म्हणाली.

दुपारचे तीन वाजले असतील. तिनं हॉर्न वाजवला नाही. एमआयडीसीचा रस्ता सणामुळं मोकळा होता. मग निरेचा डावा कालवा लागला, आणि दोन्ही बाजूंना उंच ऊस. मित्रांनो, मी जन्मापासून खिळ्यावरच होतो, आणि हे सगळं मी आधी कितीदा पाहिलं होतं. पिशवीच्या तोंडातून ऊन माझ्या खळीत उतरलं, सुपारीएवढं. मागं छबूबाईंच्या बांगड्या रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला वाजत होत्या. पहिलं घर कालव्याच्या वळणावर होतं. दारात एक बाई सडा घालत होती. राजनंदिनीनं गाडी लांबच बंद केली आणि पिशवी सावरत चालत निघाली.